द्राक्षाच्या कंपनीतली जान्हवी

"लेक कुठं असते?" असं कुणी विचारलं की राधाकृष्ण गुरुजी सांगायचे, "नाशिकला. द्राक्षाच्या कंपनीत." त्यात खोटं काही नव्हतं. द्राक्षं होती आणि कंपनीही होती. मधला एक टप्पा गुरुजी गाळायचे, एवढंच. हिंगोलीत कयाधू नदीच्या अंगाला दत्ताचं एक लहानसं देऊळ आहे. तिथं त्यांनी उभा जन्म पूजाअर्चा केली आणि देवळामागच्या तीन खोल्यांत संसार केला. आपली लेक लोकांना वाईन कशी प्यावी ते शिकवते, हे त्या तीन खोल्यांत राहून सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. जान्हवीनंही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. सुट्टीला आली की ती बेदाण्यांचा पुडा आणायची, आणि गुरुजी तो शेजारीपाजारी वाटायचे.

तशी ती या धंद्यात ठरवून गेलेली नव्हती. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, जाहिरात बघून नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत चिकटली. तिथं ती नळ्या धूत असताना वरिष्ठांच्या लक्षात आलं की या पोरीचं नाक तिखट आहे. पिंपातला रस बिघडायला लागला की यंत्राच्या आधी हिला कळतं. मग तिला पाहुण्यांच्या दालनात घेतलं. पाहुणे यायचे, ती ग्लासात बोटभर वाईन ओतायची, ग्लास फिरवायला सांगायची आणि विचारायची, "कशाचा वास येतो?" लोक लाजायचे. ती म्हणायची, "बरोबर-चूक काही नसतं. तुमच्या घरातलं काय आठवतं ते सांगा." मग कुणाला पेरू आठवायचा, कुणाला ओली माती, कुणाला आजोबांच्या तंबाखूची डबी.

हिवाळ्यात दर शनिवारी वायनरीच्या हिरवळीवर पडदा लावून जुने सिनेमे दाखवत. कोणत्या सिनेमाबरोबर कोणती वाईन द्यायची, हे काम जान्हवी आणि तिची मैत्रीण पुनम या दोघींकडं होतं. नवखी माणसं गोष्टीवर जात. प्रेमकथा असली की गुलाबी, खून असला की लाल. जान्हवी म्हणायची, गोष्ट सोडा, सिनेमाची चाल बघा. सिनेमा संथ असेल तर वाईनही अशी हवी की जी ओतल्या ओतल्या काही बोलत नाही, अर्ध्या तासानं हळूहळू उघडते. विनोदी सिनेमाला बुडबुड्यांची द्यावी, कारण हसणारा माणूस मोठा घोट घेत नाही. आणि गाणीच गाणी असतील तर थंडगार पांढरी, म्हणजे गुणगुणायला गळा मोकळा राहतो. पुनम हिच्याशी वाद घालायची, दोघी चार चार दिवस एका सिनेमावर भांडायच्या, आणि शनिवारी हिरवळीवर शाली पांघरून बसलेल्या लोकांच्या मागं उभ्या राहून त्यांचे चेहरे बघायच्या. लग्नाचं राहून गेलं ते याच वर्षांत. राहून गेलं म्हणजे कुणी फसवलं वगैरे नाही. दोन-तीन स्थळं आली, नोकरी ऐकून परत गेली, आणि तिलाही त्याची फार रुखरुख लागली नाही.

मग एके सकाळी काकडआरतीच्या वेळी गुरुजी गाभाऱ्यातच कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ पुष्कर हैदराबादला, त्याची नवी नोकरी, लहान लेकरू. जान्हवी दोन महिन्यांची रजा काढून आली. त्या रजेला आता पाचवं वर्ष लागलं होतं.

देवळाची पूजा चुलत्याच्या मुलाकडं गेली, ट्रस्टनं जागा तेवढी राहू दिली. एका खाजगी शाळेच्या कार्यालयात जान्हवीला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. ती शाळेत असताना गुरुजींजवळ पारुबाई थांबायची. सेनगाव रस्त्यावरच्या तांड्यावरची ही बाई, सकाळी शेअर रिक्षानं यायची, दुपार कलल्यावर जायची. अंगानं दांडगी, बोलायला मोकळी. गुरुजींना एकटीनं उचलून खुर्चीत बसवायची. सुरुवातीला गुरुजी संकोचानं डोळे मिटून घ्यायचे. पुढं तेही सरलं.

आजारी माणसाच्या घरात काम संपत नाही, नुसतं जागा बदलतं. चादर धुवून वाळत घातली की पातेलं वाट बघत असतं, पातेलं झालं की गोळ्यांची वेळ होते, गोळ्या झाल्या की पाठीला पावडर. जान्हवीला आधी आधी या सगळ्याचा राग यायचा. मग रडू यायचं. आता दोन्ही येत नव्हतं. झोपेतून उठतानाच ती दमलेली असायची, आणि दिवसभर तो थकवा अंगावर वागवत ती नीट, न चिडता, सगळं करायची. बघणारे म्हणायचे, पोरीच्या बाबतीत काय नशीब काढलं गुरुजींनी. ती हसायची.

नाशिकची आठवण तिनं फारशी काढली नाही. फक्त पुनमचा फोन आला की ती विचारायची, "अवंदा लाल शिराझ कशी उतरली?" पुनम सांगायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची, "तुझी जागा मी अजून भरू दिलेली नाही. साहेबांना सांगितलंय, ती येणार आहे."

"सांगत जा," जान्हवी म्हणायची.

एप्रिलच्या तोंडाशी डॉक्टर साधनाचा फोन आला. शाळेत ही जान्हवीच्या दोन वर्षं पुढं होती. आता नवरा-बायको दोघं डॉक्टर, गावात स्वतःचं हॉस्पिटल, वर राहायला घर. गुरुजी पडले त्या दिवशी साधनाचा नवरा अनिरुद्ध स्वतः गाडी घेऊन देवळापर्यंत आला होता. त्यामुळं या घरातून आलेल्या फोनला नाही म्हणणं जान्हवीला जड जायचं.

"जान्हवी, तू नाशिकला ते सिनेमाचं आणि वाईनचं करायचीस ना? मी फोटो बघितलेत तुझे."

"करायचे, साधनाताई. आता काय त्याचं."

"आमच्या गच्चीवर कर की. ह्यांचा पन्नासावा वाढदिवस आहे. पडदा आणलाय, प्रोजेक्टर आणलाय. कोणता सिनेमा, कोणती वाईन ते तू ठरव आणि त्या दिवशी येऊन चार शब्द बोल. बाकी सगळं आमी बघतो."

"बाबांना सोडून संध्याकाळी निघणं होत नाही हो."

"एक दिवस पारुबाईला थांबव. न्हाई म्हणू नको. इथं त्याच त्याच पार्ट्या करून कंटाळा आलाय बघ. तेच व्हिस्कीवाले, त्याच गप्पा."

जान्हवी म्हणाली, "बघते." फोन ठेवून ती गुरुजींची उशी बदलायला गेली. उशीचा अभ्रा काढता काढता तिच्या ध्यानात आलं की आपण सिनेमा शोधायला लागलो आहोत. कितीतरी दिवसांत डोक्यात काही चाललं नव्हतं. औषध आणि दूध यांखेरीज.

सिनेमा तिनं जुना, काळापांढरा निवडला. एका नावाड्याची गोष्ट. नदीवर पूल होतो आणि त्याची नाव बंद पडते, एवढीच. अर्धा सिनेमा धुक्यात आणि पाण्यावर आहे, उत्तरार्धात माणूस किनाऱ्यावर बसून राहतो. पहिल्या भागाला तिनं सोव्हिन्यों ब्लाँ नावाची पांढरी ठरवली. कोरडी, हिरव्या वासाची, कच्च्या पेरूची आणि ओल्या गवताची याद देणारी. मध्यंतराला रोझे, म्हणजे गुलाबी. उत्तरार्धाला शिराझ, लाल, मागून काळ्या मिऱ्याचा ठसका देणारी. नावं लिहून तिनं साधनाला पाठवली. हिंगोलीच्या दुकानांत या बाटल्या मिळण्यासारख्या नव्हत्या. नावाला वाईन शॉप, आत सगळी रम नि बिअर. साधनाचा ड्रायव्हर नाशिककडं जाणारच होता, तो घेऊन येईल असं ठरलं.

वाढदिवसाच्या दिवशी तिनं पेटीतून एक गडद निळी साडी काढली. पारुबाईनं वर-खाली बघितलं.

"आज लई मोठ्या साहेबिणीवाणी दिसून राहिल्या ताई."

"तुला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय दोघांचं. रिक्षाला पैसे—"

"जाऊ द्या वो. मह्या पोराला बोलावलं मी न्यायला. तुमी बिनघोर जा."

खाटेवरून गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या जिभेवर आता मोजकेच शब्द उरले होते. त्यांतला एक त्यांनी वापरला. "कुठं?"

"साधनाताईकडं. डॉक्टरांचा वाढदिवस आहे."

त्यांनी मान हलवली. तिनं चपला घातल्या.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, कठड्याला दिव्यांच्या माळा होत्या. उन्हं कलली होती तरी फरशी तापलेली होती, तळव्यांना कळत होती. कोपऱ्यात एका मोठ्या टबात बर्फ आणि बर्फात बाटल्या. ते बघून जान्हवीला बरं वाटलं, कुणीतरी नीट विचार केला होता. पाहुणे यायच्या आत तिनं सवयीप्रमाणं पहिली बाटली उघडली, आपल्यापुरतं बोटभर ओतून घेतलं, ग्लास फिरवला आणि नाक आत घातलं.

काही नाही.

तिनं पुन्हा फिरवला. उकडलेल्या सफरचंदाचा पुसटसा वास येत होता, की येतोय असं वाटत होतं, ते सांगता येईना. पेरू नाही. गवत नाही. घोट घेतला, तोंडात फिरवला. आंबट, सपाट. तिनं शिराझ उघडली. तीत मुरंबा शिजवल्यासारखं काहीतरी होतं, पण मिरं कुठंच नव्हतं. रोझे तर पाण्यासारखी लागली.

जान्हवी कठड्याला टेकून उभी राहिली. चार वर्षं फिनेल, कापूर, निलगिरीचं तेल, गुरुजींच्या पाठीचं मलम. चार वर्षं ओल्या चादरी. आपलं नाक मेलं, तिला वाटलं. दुसरं काही तिच्या मनातच आलं नाही. बाटल्या बंद होत्या, कंपनी ओळखीची होती, वर्ष चांगलं होतं. बिघडलेली गोष्ट एकच असू शकत होती.

"कशी आहे गं?" साधनानं विचारलं. ती नुकतीच तयार होऊन आली होती.

"छान आहे," जान्हवी म्हणाली.

पाहुणे आले. दहा-बारा जण, बहुतेक डॉक्टर, एक बिल्डर, त्यांच्या बायका. साधनानं तिची ओळख करून दिली आणि ती बोलायला उभी राहिली. शब्द तिला पाठ होते. धुकं, पाणी, नावाडी, संथ चाल, आणि अशा चालीबरोबर ही पांढरी का शोभते. "ग्लास फिरवा. कच्चा पेरू आठवतो का बघा. मागून ओल्या गवताचा वास येईल." ती बोलत होती आणि तिचं तिला ऐकू येत होतं, जसं दुसऱ्या खोलीत कुणाचा रेडिओ चालू असावा.

"अगदी पेरू," बिल्डरची बायको म्हणाली.

"मला तर सरळ पेरूच्या बागेत बसल्यासारखं वाटून राहिलं," एक डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले.

कुणी ग्लासात बर्फ टाकला. कुणी सोडा मागितला. सिनेमा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं शांतता होती, मग एकाचा फोन वाजला, तो बोलायला जिन्यात गेला, त्याच्या मागं आणखी दोघं गेले. मध्यंतरात कचोऱ्या आल्या. डॉक्टर अनिरुद्ध भला माणूस, रोझेचा ग्लास हातात धरून ते जान्हवीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू का, मला यातलं काही कळत नाही. पण साधना खूश आहे." उत्तरार्धात नावाडी किनाऱ्यावर बसला तेव्हा गच्चीवरचे निम्मे लोक खाली बिल्डरनं आणलेल्या व्हिस्कीपाशी होते. जान्हवीनं पाण्याच्या टाकीशेजारी खुर्ची ओढून सिनेमा शेवटपर्यंत बघितला. तिला कुणाचा राग आला नाही. लोकांचा वाढदिवस होता, त्यांनी तो आपल्या पद्धतीनं केला.

निघताना साधनानं तिला मिठी मारली. "दर महिन्याला करायचं हे."

"बघू," जान्हवी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती घरात वास घेत हिंडायला लागली. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायची, कोथिंबीर चुरगळून बघायची, भिजलेली डाळ हुंगायची. सगळ्याचा वास येत होता. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. हिंगाचा वास कुणालाही येतो. ज्या नाकावर ती जगली होती ते वेगळं होतं, एका वासाच्या पाठीमागचा दुसरा आणि दुसऱ्याच्या आडचा तिसरा ओळखणारं.

पारुबाईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काहून हुंगून राहिल्या ताई समदं? काही सडलं का घरात?"

"न्हाई गं. सर्दी झाली का ते बघते."

"सर्दी झाली तर नाक गळतं. बघावं लागत न्हाई."

शेवटी तिनंच पुनमला फोन लावला आणि सांगितलं. पुनमनं आधी हसण्यावारी नेलं. मग जान्हवीचा आवाज ऐकून हसणं थांबवलं.

"एका दिवसावरून नको ठरवू. दमलेली होतीस."

"दमलेली मी रोजच असते. पुनम, तू साहेबांना सांग, ती जागा भरून टाका म्हणावं. माझ्यासाठी नको अडवून धरू."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर तिला मोठं रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट त्या रात्री ती पडल्याबरोबर झोपली, आणि सकाळी उठल्यावर तिला कळलं की आपल्याला हलकं वाटतंय. इतकी वर्षं एक दार किलकिलं होतं आणि त्यातून वारा येत होता. ते लागलं. आता शाळा, घर, बाबा, एवढंच. काही ठरवायचं उरलं नाही. चार-पाच दिवस ती खरोखर बऱ्यापैकी सुखात होती. पारुबाईशी गप्पा मारल्या, गुरुजींना खुर्चीत बसवून अंगणात नेलं.

आठवड्याभरानं साधना स्वतः आली. गुरुजींची विचारपूस केली, त्यांचा हात हातात घेऊन बोटं हलवायला लावली, आणि जाताना स्वयंपाकघरात येऊन पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली.

"तुझ्यासाठी. त्यातलीच पांढरी आहे. ड्रायव्हर आला तेव्हा ह्यांनी चव घ्यायला म्हणून दोन बाटल्या लगेच वर नेऊन फ्रिजमध्ये ठेवल्या आणि विसरून गेले. काल दिसल्या. एक तू घे."

"लगेच म्हणजे? बाकीच्या कुठं होत्या?"

"गाडीत. त्या दिवशी सकाळीच आल्या बघ. नेमका सिझेरियनचा पेशंट आला, मग दुसरा आला, ड्रायव्हर रक्त आणायला दुसरी गाडी घेऊन गेला. ती गाडी आपली हॉस्पिटलसमोर उभी. पाच वाजता डिकी उघडली तर हात लावू देईनात बाटल्या. म्हणून तर टबभर बर्फ आणला मी. काहून गं?"

एप्रिलचं हिंगोलीचं ऊन, बंद डिकी, सकाळपासून पाचपर्यंत. वाईन शिजली होती. उन्हात ठेवू नका, हे लिहून पाठवायचं जान्हवीला सुचलंच नव्हतं. नाशिकला ते कुणाला सांगावं लागत नसे.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

साधना गेली. जान्हवी बाटली हातात धरून ओट्याशी उभी राहिली. गुरुजींना झोप लागली होती. पारुबाई दारात बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. घरात ग्लास असा नव्हताच, तिनं फुलपात्र घेतलं, बाटलीचं झाकण फिरवलं आणि थोडी ओतली.

फुलपात्र तोंडाशी यायच्या आधीच वास आला. कच्चा पेरू. त्याच्या मागं हिरवी मिरची मोडल्यावर येतो तसा, आणि त्याच्याही मागं पाऊस पडून गेलेल्या गवताचा. सगळं जागच्या जागी. तिनं घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या गेल्या. ती खाली बसली. फरशीवर, ओट्याला पाठ लावून.

पारुबाईनं घडी अर्धी टाकून बघितलं. "ताई, रडून राहिल्या का?"

"न्हाई. वास येऊन राहिला."

"मंग?"

जान्हवीनं फुलपात्र पुढं केलं. पारुबाई उठून आली, तिच्या हातातलं फुलपात्र घेतलं, नाकाशी धरलं. "कच्च्या जांबावाणी हाय," ती म्हणाली. हिंगोलीकडं पेरूला जांब म्हणतात. फुलपात्र तिनं चव न घेता परत दिलं. "मह्या मायच्या टायमाला तांड्यावर मव्हाची दारू काढत. तिचा वास इतका गोड, की लेकरं नादी लागत. म्या त्याच्यापायी कधी तोंडाला लावली न्हाई."

जान्हवी हसली, आणि मग मात्र तिचे डोळे भरले. नाक शाबूत होतं. हे कळून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही, पण त्याच्या पाठोपाठ जे आलं त्यानं तिची पाठ वाकली. नाक गेलं असतं तर बरं झालं असतं. मग कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, गेलं बाई, त्याला इलाज नाही. आता तो आधार गेला. आता ती इथं बसली आहे ती स्वतः होऊन बसली आहे म्हणून, आणि तिकडं जाऊ शकते तरी जात नाही. चार-पाच दिवसांचं हलकेपण गेलं, नेहमीचा थकवा पुन्हा खांद्यावर येऊन बसला. या वेळी तो कशाचा आहे ते तिला कळत होतं.

"पारु," थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी आठ दिवस गेले तर तू करशील बाबांचं?"

"दिवसा करीन. रातीला कोण?"

रात्रीला कोण, याचं उत्तर हैदराबादला होतं. जान्हवीनं त्या संध्याकाळी पुष्करला फोन केला.

"ताई, मी काय म्हणतो, आपण ब्युरोतून माणूस लावू ना रात्रीसाठी. खर्च मी देतो सगळा."

"माणूस नको. तू ये."

"मला सुट्टीचं अवघड आहे गं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मी दोन महिन्यांची रजा घेऊन आले होते, पुष्कर."

तो बराच वेळ बोलला नाही. एरवी अशा गप्प बसण्याला घाबरून ती स्वतःच म्हणायची, जाऊ दे, बघू पुढं. या वेळी ती थांबली. तिला भांडायचं नव्हतं, आवाज चढवायचा नव्हता. तेवढं त्राणही नव्हतं. ती नुसती फोन कानाला लावून उभी राहिली.

"मला येतं का हे सगळं करायला," तो शेवटी म्हणाला.

"मलाही येत नव्हतं. पारुबाई शिकवेल."

मे महिन्यात तो आला. जान्हवीनं त्याला गोळ्या दाखवल्या, कूस कशी बदलायची ते दाखवलं, आणि सकाळच्या एसटीत बसली. जिंतूर गेलं, जालना गेलं, तिला झोपेत कळलं नाही. छत्रपती संभाजीनगरला उतरून दुसरी गाडी धरली, तीतही ती झोपली.

पुनमनं तिच्यासाठी बरंच काही योजून ठेवलं होतं. नव्या पिंपातली शिराझ, दालनात केलेले बदल, दोन जुने सिनेमे, त्यांच्यासाठी काढून ठेवलेल्या बाटल्या. पहिल्या संध्याकाळी तिनं आपल्या घरी सिनेमा लावला, ग्लास पुढं ठेवला आणि पदराला हात पुसत येऊन बसली, तर जान्हवी उशीवर डोकं टेकून झोपी गेलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. ती खायला उठायची, अंघोळ करायची आणि परत झोपायची. कुणी हाक मारत नव्हतं. पुनमनं दोन दिवस वाट बघितली, मग बाटल्या कपाटात ठेवून दिल्या.

पाचव्या दिवशी जान्हवी दालनात गेली. पाहुण्यांचा एक गट आला होता, पुनम म्हणाली, घे. तिनं तासभर घेतला. ग्लास फिरवायला सांगितले, घरातलं काय आठवतं ते विचारलं. एका म्हातारबांना शिराझमध्ये गुळाच्या गुऱ्हाळाचा वास आला, आणि तिलाही तो आला. काम तिला येत होतं. पाय मात्र दुखायला लागले, आणि तिच्या लक्षात आलं की पूर्वीही दुखायचे. नाशिकला आपण थकत नव्हतो, हे तिनं मनानंच रचलं होतं.

साहेबांनी विचारलं, "कधी येतेस कायमची?" जागा भरा, हा निरोप पुनमनं त्यांना पोचवलाच नव्हता.

"ते सांगता येत नाही, साहेब. जागा भरा. हिवाळ्यातल्या शनिवारांना बोलवा, जमेल तेव्हा येत जाईन."

"जमेल?"

"भावाला विचारीन."

पुष्कर दर वेळी येईल याची तिला खात्री नव्हती. एकदा आला म्हणजे दुसऱ्यांदा येईल असं नसतं. पण तिनं विचारायचं ठरवलं होतं, आणि विचारून झाल्यावर गप्प उभं राहायचंही.

साधनाचा मेसेज आला होता, पुढचा सिनेमा कधी. जान्हवीनं परतीच्या गाडीत उत्तर लिहिलं. दर महिन्याला जमणार नाही. कधीमधी येईन, पण बाटल्या गाडीत ठेवायच्या नाहीत, आणि खाली व्हिस्की असेल तर वाईन आणायचीच नाही. पाठवण्याआधी तिनं ते दोनदा वाचलं. जरा तुटक वाटलं. तसंच पाठवलं.

ती घरी पोचली तेव्हा दुपार होती. दार लोटलेलं होतं. पारुबाई शेजारी पाणी भरायला गेली असावी. आत पुष्कर गुरुजींच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. दाढी वाढलेली, मान कलंडलेली, तोंड उघडं, मांडीवर पावडरचा डबा. शर्टावर पेजेचे डाग. आठ दिवसांत तो चांगला दहा वर्षांनी मोठा दिसायला लागला होता.

गुरुजी जागे होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि एक शब्द काढला.

"आलीस."

"आले."

ती पुष्करला उठवायला पुढं झाली, तसा गुरुजींनी डावा हात थोडा उचलला आणि नको म्हणून हलवला. जान्हवी थांबली. पिशवी तिनं आवाज न करता भिंतीशी ठेवली आणि उंबऱ्यावर बसून चपलांचे पट्टे सोडायला लागली.